तुम्ही विचारलंत म्हणून: लडाख का सोडलं?

"काऊन बे, गाडी विकली का? आता लडाख नाही का?" लग्नात, पानठेल्यावर, भेटेल तिथं हेच. वर पैसे संपले असतील नाहीतर बायको जाऊ देत नसेल, हेही तुम्हीच ठरवून टाकता. दोन्ही नाही.

मनाली-लेह चारदा केलंय आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पण तिथले स्तूप बघत हिंडणाऱ्या मला, आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला १९६९-७०च्या खोदकामात स्तूप निघाला होता हे पस्तिशीत कळलं.

त्या वर्षी ऑगस्टात मामाचा फोन आला तेव्हा मी लेहच्या बाजारात होतो, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही खिंड, ५३५९ मीटर, डोक्यात तेवढंच. इकडे गोसेखुर्द धरणाचं पाणी चढत होतं, गाव आधीच उठलं होतं पण आजीच्या घराच्या भिंती अजून उभ्या होत्या. मामा म्हणे, "भाचे, पाणी नाल्यापाशी आलं, एक डाव पाहून जा." मी म्हटलं, आठ दिवसांत येतो. दहा दिवसांनी पोचलो तर चिंचेचा शेंडा तेवढा पाण्यावर. माझ्याकडे खारदुंग लाचे दोनशे फोटो, त्या घराचा एक नाही.

तेव्हाचा मी म्हणतो, तू असतास तर पाणी थांबलं असतं का? नसतंच. पण "आठ दिवसांत येतो" हे किती सहज बोललो मी, तेच जात नाही डोक्यातून.

मागच्या मे महिन्यात पाणी उतरलं तेव्हा एका ढिवरकाकांच्या डोंग्यातून गेलो. पाण्यात उभी वाळकी झाडं, त्यांच्यामधून काका बांबू टेकवत चाललेले, आणि एका जागी बांबू बुडाला लागेचना. "विहीर आहे खाली," ते म्हणाले. माझ्या पोटात गोळा आला, खारदुंग लाच्या बर्फावर चाक घसरलं तेव्हा आला होता तसाच. शेवटचा टप्पा पायी, वरून भेगाळलेला चिखल, आत पाय मांडीपर्यंत जातो. सपरीचा ओटा सापडला. त्यापलीकडे जमिनीत पुरलेलं उखळ, गाळानं काठोकाठ भरलेलं. हातानं उपसत बसलो, शिंपले निघाले, मग बोटांना तळाचा गुळगुळीत दगड लागला, आजीच्या मुसळानं झिजलेला. काका ओरडत होते, वारा सुटला, चाला.

लेहला परत जाणारच नाही असं मी म्हणत नाही. यंदा पाणी उतरलं की मामाला तिथं न्यायचंय. तो अजून हो म्हणत नाही.