डोळ्याला कॅमेरा की पोटाशी?

कॅमेऱ्याचा विषय निघाला की गाडी थेट लेन्स आणि मेगापिक्सेलवर जाते. व्ह्यूफाइंडरबद्दल, म्हणजे ज्या खिडकीतून बघून फोटो काढायचा तिच्याबद्दल, कुणी अवाक्षर काढत नाही. माझ्या मते मात्र समोरचा माणूस फोटोत कसा उतरणार, हे निम्मं त्या खिडकीवरच ठरतं.

यात जुना ट्विन लेन्स, म्हणजे दोन लेन्सचा कॅमेरा माझा लाडका. 1929 च्या रोलायफ्लेक्सची ही घडण पुढे याशिकानंही उचलली. वरची लेन्स बघायला, खालची फोटोला. कॅमेरा पोटाशी धरायचा, झाकण उघडायचं आणि मान खाली घालून दुधी काचेत बघायचं. बेळगावात गणपत गल्लीत एका भाजीवाल्या मावशींसमोर असा उभा होतो. मेथीची जुडी बांधता बांधताच त्यांनी विचारलं, "काय बघूलालास रे त्यात?" डोळ्याला कॅमेरा लावला असता तर जुडी बाजूला ठेवून, पदर सावरून बसल्या असत्या.

खोड एकच. आत नुसता आरसा, त्यामुळे चित्र सुलटं पण डावं-उजवं उलटं. शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथ डावीकडून येतो, काचेत उजवीकडून. काचेतला रथ पकडायला कॅमेरा वळवावा, तर तो आणखीच निसटतो.

एसएलआरमध्ये, म्हणजे बघायला आणि फोटोला एकच लेन्स असलेल्या कॅमेऱ्यात, पेंटाप्रिझम या पाचकोनी काचेनं ही खोड मोडली. 1959 च्या निकॉन एफमध्ये तर दिसेल तेवढंच फिल्मवर. फक्त बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि डोळ्यापुढे अंधार. म्हणजे टिपलेला क्षण तेवढा आपण बघितलेलाच नसतो!

रेंजफाइंडर जातीच्या कॅमेऱ्यात असा उचलला जाणाऱ्या आरशाची भानगडच नाही. खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. याशिका इलेक्ट्रो 35 च्या खिडकीत फोटोत काय येणार ते दाखवणारी चमकती चौकट दिसते आणि तिच्या बाहेरचंही दिसतं, त्यामुळे लेझीमवाली पोरं चौकटीत शिरायच्या आधीच हेरता येतात. फोकस जवळ आणला की चौकट आपोआप सरकते. आपल्याकडच्या साध्या अॅग्फा क्लिक थ्रीला ही सोय नव्हती. खिडकी लेन्सच्या वर, त्यामुळे जवळून फोटो काढला की नवरदेवाचा फेटा अर्धाच यायचा.

मिररलेस, म्हणजे आरसाच नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या खिडकीत तर छोटा पडदाच असतो. रात्रीची मिरवणूक त्यात लख्ख दिसते, हे कबूल. पण फोटो काढायच्या आधीच तयार फोटो बघायचा, हे मला काही रुचत नाही. त्यापेक्षा मागचा स्क्रीन वर वळवून कॅमेरा पोटाशी धरतो. त्यात डावीकडचा रथ डावीकडेच दिसतो.