बही की बहू

बिकानेरच्या राजस्थान राज्य अभिलेखागारात कोणी महाराष्ट्रातून आले आहे असे कळले, की पहिली चौकशी होते ती परकालदासाच्या पत्रांची. 1666 साली शिवाजी महाराज आग्र्यात असताना तिथल्या घडामोडी कळवणारी ही पत्रे आंबेरच्या दफ्तरातली. मराठी अभ्यासकाला दुसरे काय हवे असणार, असा सगळ्यांचा समज. माझे काम त्या मानाने रुक्ष होते. बिकानेर संस्थानाच्या ‘जगात बही’, म्हणजे जकातीच्या वह्या, वाचून अठराव्या शतकातील उंटांवरच्या मालवाहतुकीचा तक्ता मला करायचा होता. पावसाचा भरवसा नसलेल्या त्या मुलखात येणाऱ्याजाणाऱ्या मालावरच्या जगातीला फार महत्त्व होते, आणि मुलतानकडून किंवा मारवाडातल्या पालीकडून आलेला गूळ, खडीसाखर, कापड, मीठ कोणाचे, उंट किती, घेतले किती, हे कारकून नेमाने लिहून ठेवीत असे.

ही बही हातात घेतली की आपल्या सवयी मोडाव्या लागतात. लाल कापडाच्या बांधणीतली लांबोडकी वही, पान उलटायचे ते बाजूला नव्हे तर वर. मोडी येत असल्याने लिपीची मला धास्ती नव्हती, आणि खरे सांगायचे तर तिथेच मी फसले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसला तरी वेलांटी किंवा उकार असतो; मारवाडी मुडिया वळणाचे घाईचे अक्षर मात्र मात्राच गाळून टाकते. ‘काकाजी अजमेर गया’ हे पत्र ‘काकाजी आज मर गया’ असे वाचून घरात रडारड झाल्याचा जुना विनोद मी स्वतः दोन कार्यशाळांत सांगितला होता.

महाराजा गजसिंहांच्या कारकिर्दीतल्या एका बहीत काही नोंदी ‘अमक्या री बह’ अशा होत्या. ‘री’ म्हणजे ‘ची’. मी सरळ ‘अमक्याची बही’ असे वाचले, त्या व्यापाऱ्याच्या खात्यावर जगात लिहिली असा अर्थ लावला, आणि तीन आठवडे ते सारे उंट त्या पुरुषाच्या नावे तक्त्यात घातले.

त्या दिवशी मागणीच्या चिठ्ठीवर माझ्याच हातून क्रमांक चुकला आणि मेजावर आली ती ‘कागदों री बही’, म्हणजे दरबारातून गेलेल्या पत्रांच्या नकलांची वही. परत पाठवण्याआधी सहज चाळली. कोणाची जातपंचायतीविरुद्ध तक्रार, कोणाच्या विहिरीचा तंटा, आणि मध्येच माझ्या तक्त्यातला तोच माणूस, त्याच संवतात. जगातीच्या अधिकाऱ्याला लिहिले होते की तो वारला आहे, तेव्हा त्याच्या मालावर जी सूट चालत आली ती पुढेही चालू ठेवावी. सूट कोणाला, ते वाचताना मी पुन्हा अडखळले. मेलेल्या माणसाच्या वहीला सूट कशी देणार?

शेजारच्या मेजावर बिकानेरचेच एक वयस्क अभ्यासक बसले होते. त्यांना पान दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, ओळीवरून बोट न टेकवता फिरवले आणि म्हणाले, “बही नहीं सा, बहू।” बहू म्हणजे इथे बायको. या कारकुनाने उकार दिला होता, बारीकसा, ‘ह’च्या पायाशी, मला तो शाईचा ओघळ वाटला होता. बही काय, बहू काय, दोन्ही स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘री’ने मला सावध करण्याचा प्रश्नच नव्हता. व्याकरण शुद्ध, अर्थ पुरता उलटा.

चहाही न घेता मी जगात बही पुन्हा मागवली. तशा सतरा नोंदी होत्या. काहींत पुढे पानाचा आकडा होता, तिथे ‘बही’च योग्य. पण त्या माणसाच्या मृत्यूनंतरच्या चार नोंदींत आकडा नव्हता. होते ते गुळाचे वजन, उंट आणि कमी केलेली जगात. म्हणजे नवऱ्यामागे मालाची ने-आण ही बाई चालवत होती, निदान माल तिच्या नावावर चालत होता. प्रत्यक्ष उंटांबरोबर दीर गेला की गुमास्ता, हे त्या नोंदींवरून ठरवता येत नाही आणि मी ते ठरवणारही नाही. मला अधिक खटकले ते दुसरेच. जगातीच्या वह्या व्यापाराच्या इतिहासासाठी आणि कागदांच्या वह्या समाजाच्या इतिहासासाठी, अशी वाटणी आम्हीच करून ठेवली आहे. दरबारात एकीचा हुकूम दुसरीत अमलात येत होता.

संध्याकाळी खोलीवर तक्ता उघडला. ‘व्यापाऱ्याचे नाव’ या रकान्यातून चार ठिकाणी त्या पुरुषाचे नाव काढले आणि थांबले, कारण तिचे स्वतःचे नाव दोन्ही बह्यांत कुठेच नव्हते. शेवटी कारकुनाने लिहिले होते तेच लिहिले, ‘अमक्याची बहू’, आणि रकान्याचे शीर्षक बदलून ‘माल कोणाचा’ असे केले.