तीन रात्रीच्या खेपा

सकाळी सातला शेती ऑफिसातून फोन. "गव्हाणीतला ऊस संपायला आलाय, आणि तुमच्या गाड्या सगळ्या एकाच गावात अडकल्यात." तुमच्या! आदल्या रात्रीपर्यंत त्या कारखान्याच्या होत्या.

मी बेळगावात सॉफ्टवेअर करतो. त्या हंगामात चिकोडीकडच्या एका साखर कारखान्याच्या तोडणी-वाहतुकीचं वेळापत्रक आमच्या गळ्यात होतं. कुठली टोळी कुठल्या फडात, कुठली गाडी कधी काट्यावर. तोडलेला ऊस पडून राहिला की वजनही घटतं, साखरही. आणि नुसत्या 15 फडांचा क्रम लावायचा म्हटलं तरी 1 लाख 30 हजार कोटींवर पर्याय होतात. म्हणून काम वाटून दिलेलं. जुन्या जीपीएस नोंदींवर शिकलेलं मॉडेल खेपेला किती वेळ लागेल ते सांगणार, त्या आकड्यांवर सॉल्व्हर, म्हणजे सगळ्यांत स्वस्त पर्याय हुडकणारा प्रोग्राम, क्रम लावणार. त्याची छाटणीची युक्ती 1960 सालची. अर्धवट क्रमाचा कमीत कमी खर्च काढायचा, तो हातातल्या उत्तराहून जास्त निघाला की ती अख्खी फांदी तोडायची. रात्री उत्तर आलं, सर्वोत्तमापासून फार तर 1 टक्का लांब. मी निवांत झोपलो.

सकाळी त्या गावच्या नोंदी उघडल्या. इनमीन तीन खेपा, तिन्ही मध्यरात्रीच्या, मोकळ्या रस्त्यावरच्या. आणि आज तिथं बाजार! मॉडेल एका गावापुरतं चुकलं होतं, पण सॉल्व्हर बसलेलाच असतो स्वस्त हुडकायला. जिथं अंदाज चुकून कमी लागलाय, नेमकं तेच गाव तो शोधून काढतो आणि सगळ्या गाड्या तिकडं लोटतो.

कारखान्याच्या जुन्या चिटबॉयला, म्हणजे फडावर तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला, आम्ही सगळे मामा म्हणायचो. त्यांनी स्क्रीनकडं बघितलंसुद्धा नाही. "बाजारादिवशी त्या गावातनं सायकल जाईना झालीया. इच्चारायचं तरी की."

दुपारपर्यंत दोन बदल केले. जिथं नोंदी थोड्या, तिथं शेजारच्या गावांच्याही खेपा धरल्या, आणि सरासरीऐवजी दहातल्या आठ खेपा ज्या वेळात उरकतील तो आकडा घेतला. गावोगावचे बाजारवार मामांनी पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर लिहून दिले, ते सॉल्व्हरला थेट मनाई म्हणून घातले. जे गावाला तोंडपाठ आहे ते मॉडेलला शिकवत कशाला बसायचं?

नवं वेळापत्रक कागदावर महाग निघालं. साहेब त्यावरच अडून बसले. मामांनी मात्र यादी वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हितं डबल ट्रॉली नको. फुडं चढ हाय."

मी पुठ्ठा उलटा केला. मागची बाजूही भरली होती.