माळ्यावरच्या दोन वह्या

कोल्हापूर, गुरुवार, 16 ऑक्टोबर 2025

उद्या वसुबारस, म्हणून आज दुपारी माळा आवरायला घेतला. जिल्हा आवृत्तीत उपसंपादक असतानाची कात्रणे खाली काढताना एका तालुका वार्ताहराच्या दोन वह्या हाती लागल्या. वाळूउपशावर मालिका लिहायची म्हणून त्यांनी त्या मला वाचायला दिल्या होत्या. पहिला लेख लिहून होण्याआधीच हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. त्यांच्याकडच्या बाकीच्या वह्या रद्दीत गेल्याचे मला वर्षभराने कळले. या दोन वह्यांत ट्रकचे क्रमांक आहेत, रात्रीच्या वेळा आहेत, नदीकाठच्या गटांचे क्रमांक आहेत. पण कोणती नोंद कोणत्या कागदाशी ताडून पाहायची होती, हे एकट्या त्यांनाच ठाऊक होते. मी तेव्हाच चौकशी करायला हवी होती. ती केली नाही, याचे दुःख आज पुन्हा वर आले.

आजची तारीखही तशीच आहे. 16 ऑक्टोबर 2017 रोजी माल्टामधील बिद्निया येथे घराजवळच गाडीत बॉम्बस्फोट घडवून शोधपत्रकार डाफ्नी कारुआना गलिझिया यांची हत्या करण्यात आली. त्यांच्यावर तेव्हा अब्रूनुकसानीचे चाळीसहून अधिक दावे चालू होते. त्याच सुमारास पॅरिसमध्ये लोराँ रिशार यांनी ‘फॉरबिडन स्टोरीज’ हे पत्रकारांचे जाळे उभे केले. जानेवारी 2015 मध्ये ‘शार्ली एब्दो’ या व्यंग्य-साप्ताहिकाच्या पॅरिसमधील कचेरीत हत्याकांड झाले तेव्हा रिशार यांची कचेरी त्याच इमारतीत होती आणि हल्ल्यानंतर आत पोहोचलेल्या पहिल्या काही जणांत ते होते. मारल्या गेलेल्या किंवा तुरुंगात टाकलेल्या पत्रकाराचे अपुरे काम देशोदेशीच्या पत्रकारांनी मिळून पूर्ण करायचे, हेच या जाळ्याचे काम. कागदपत्रे सगळ्यांनी वाटून घ्यायची, तपासाची विभागणी करायची आणि ठरलेल्या वेळी सर्वत्र एकदम प्रसिद्ध करायचे, म्हणजे एकाला गाठून बातमी थांबवता येत नाही.

डाफ्नी यांच्या बाबतीत हे कसे घडले, ते मी अनेकदा वाचले आहे. दुबईतील ‘17 ब्लॅक’ नावाच्या एका कंपनीबद्दल त्यांनी फेब्रुवारी 2017 मध्ये लिहिले होते, पण ती कोणाची हे तेव्हा उघड झाले नव्हते. एप्रिल 2018 पासून पंधरा देशांतील पंचेचाळीस पत्रकार त्यांचे धागे पुढे नेत होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये कंपनीचा मालक म्हणून माल्टातील उद्योजक योर्गेन फेनेक यांचे नाव समोर आले. पुढच्या वर्षी हत्येच्या प्रकरणात फेनेक यांना अटक झाली (त्यांनी आरोप नाकारले आहेत) आणि त्यानंतरच्या जनक्षोभात पंतप्रधान जोसेफ मस्कट यांना पद सोडावे लागले. एका बाईने लिहून ठेवलेले एक नाव तिच्या माघारी इतके दूरवर गेले, ते परक्या देशांतल्या सहव्यावसायिकांनी ते आपले मानले म्हणून.

कोलंबियातील पत्रकार रफाएल मोरेनो यांचीही हत्या 16 ऑक्टोबरलाच झाली, 2022 साली. मात्र ते स्थानिक भ्रष्टाचाराविषयीची आपली माहिती जाळ्याच्या ‘सेफबॉक्स’कडे सोपवण्यासाठी मृत्यूपूर्वी काहीच दिवस आधी संपर्कात आले होते. धोक्यात असलेल्या पत्रकाराने जिवंतपणीच आपली सामग्री तेथे सुरक्षित ठेवायची आणि ती तेथे आहे हे धमकावणाऱ्यांनाही कळू द्यायचे, अशी ती व्यवस्था आहे. एप्रिल 2023 मध्ये मोरेनो यांचे काम प्रसिद्ध झाले.

या वर्षीचे व्हिक्टोरिया रोश्चिना यांच्यावरचे काम वाचणे मला सर्वांत जड गेले. ही युक्रेनी पत्रकार रशियाव्याप्त प्रदेशातील गुप्त बंदिगृहांचा शोध घेण्यासाठी गेली आणि ऑगस्ट 2023 मध्ये बेपत्ता झाली. सप्टेंबर 2024 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, कैदेतच तिचा मृत्यू झाला. फेब्रुवारीत पार्थिव परत आले तेव्हा पिशवीवर अनोळखी पुरुष अशी नोंद होती आणि शरीरातील काही अवयव काढून घेतलेले होते. एप्रिलमध्ये या जाळ्याने सुटून आलेल्या कैद्यांशी बोलून तिच्या अखेरच्या महिन्यांचा माग काढला आणि ज्या बंदिगृहांच्या शोधात ती गेली होती, त्यांच्याविषयीही लिहिले.

आपल्याकडचे स्मरण होणे अटळ होते. राजापूरचे शशिकांत वारिसे यांनी रिफायनरीविषयी लिहिलेली बातमी 6 फेब्रुवारी 2023 रोजी छापून आली. त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीने धडक देण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी येथे कोल्हापुरात त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर आठवड्याभराने या जाळ्याने गौरी लंकेश यांच्या कामाचा धागा धरून जगभरातील अपप्रचाराच्या धंद्यावर मोठी मालिका प्रसिद्ध केली. तीस वृत्तसंस्थांतील शंभर पत्रकारांनी ती केली होती. बंगळुरूतल्या एका छोट्या कन्नड नियतकालिकाच्या संपादिकेचा विषय जगाने हाती घेतला याचा मला अभिमान वाटला. पण कोकणातल्या वार्ताहराच्या टेबलावर त्या दिवशी आणखी काय काय लिहायचे राहिले असेल, हा विचार त्या आठवड्यात माझी पाठ सोडत नव्हता.

तालुक्याच्या वार्ताहराला पॅरिसपर्यंत पोहोचणे सोपे नाही, हे मी जाणतो. त्याला अनेकदा पगार नसतो, जाहिरातीच्या दलालीवर घर चालते, आणि तो ज्यांच्याविरुद्ध लिहितो ते त्याच्याच गावात राहतात. तरी त्या जाळ्याची सवय उचलण्यासारखी आहे: आपल्या नोंदी दुसऱ्याला वाचता येतील अशा लिहायच्या आणि त्यांची एक प्रत आपल्या घराबाहेर ठेवायची.

संध्याकाळी आमच्याकडे पूर्वी उमेदवारी केलेल्या एका मुलीला फोन केला. ती सध्या बेकायदा गौण खनिज उत्खननामागे लागली आहे. प्रत्येक कागद कोठून आणि कोणत्या तारखेला मिळाला हे शेजारी लिहून सगळ्याची एक प्रत माझ्याकडे आणि एक परजिल्ह्यातल्या कोणाकडे तरी ठेव, असे तिला सांगितले. मात्र माहिती देणाऱ्यांची नावे प्रतीत नकोत, हेही बजावले.

“काका, अजून निम्मेसुद्धा झालेले नाही, झाल्यावर देते,” असे ती म्हणाली. मी तिला रविवारी जे असेल ते घेऊन यायला सांगितले आहे. माळ्यावरच्या त्या दोन वह्याही तिलाच देणार आहे. त्यातले काही गट तिच्याच तालुक्यातले आहेत.