हॅट कधी काढायची, कशी धरायची

‘छपराखाली आलात की हॅट काढा,’ हा पुरुषांसाठीचा पाश्चात्त्य नियम बहुतेकांना ठाऊक असतो. तो अर्धाच बरोबर आहे. छपरापेक्षा महत्त्वाचं आहे ते त्या जागी माणसं काय करतात ते. जिथे कुणी राहतं, जेवतं, काम करतं, प्रार्थना करतं किंवा कुणाचं ऐकत बसतं, तिथे हॅट उतरवायची. जिथून लोक नुसते ये-जा करतात तो रस्ताच समजायचा, मग वर छप्पर असो वा नसो. रेल्वे स्टेशन, विमानतळ, मोठ्या इमारतीची लॉबी, कॉरिडॉर इथे हॅट डोक्यावर राहिली तरी बिघडत नाही. कॉरिडॉरमधून कुणाच्या केबिनमध्ये पाऊल टाकलं, की मात्र ती हातात आली पाहिजे.

लिफ्टबद्दल नेहमी गोंधळ होतो. जुना संकेत असा, की राहत्या इमारतीच्या किंवा हॉटेलच्या लिफ्टमध्ये बाई असेल तर हॅट काढावी. ऑफिसच्या इमारतीत ठेवली तरी चालेल. माझ्या मते लिफ्ट भरलेली असेल तर ती डोक्यावरच बरी. छातीशी धरलेली हॅट शेजाऱ्याची जागा खाते आणि स्वतःही चुरगळते. रेस्टॉरंटमध्ये टेबलाशी बसताना हॅट काढायचीच. काउंटरवर उभ्याने कॉफी घेताना पूर्वीपासून सूट आहे.

हॅट ‘उचलणं’ आणि हॅट ‘काढणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाटेत ओळखीचं कुणी दिसलं, कुणी दार धरून ठेवलं, चुकून धक्का लागला, की हॅट किंचित उचलून परत ठेवायची किंवा नुसता काठाला हात लावायचा. कुणाशी ओळख करून दिली जात असेल, थांबून बोलणं सुरू झालं असेल, समोरून अंत्ययात्रा जात असेल, तर पूर्ण काढायची. हस्तांदोलन होणार असं दिसलं की हॅट डाव्या हाताने काढावी. उजव्याने काढली तर ऐनवेळी या हातातून त्या हातात द्यावी लागते आणि समोरच्याचा पुढे आलेला हात तसाच ताटकळतो.

आता पकड. फेडोरासारख्या मऊ हॅटला पुढच्या बाजूने दोन खळगे असतात आणि बोटं आपोआप तिथेच जातात. तिथे धरू नका. बोटांचा घाम आणि तेल फेल्टमध्ये, म्हणजे हॅटच्या दाबून केलेल्या लोकरी कापडात, मुरतं, रोजच्या दाबाने नेमक्या त्या घडीवर फेल्ट विरतं आणि शेवटी भोक पडतं. स्ट्रॉ किंवा पनामा हॅटचं नुकसान तर आणखी लवकर होतं, कारण तिथे मुळातच वाकवलेले कोरडे तंतू तडकतात. सवडीने काढताना दोन्ही हातांनी, एक पुढे आणि एक मागे, काठाला धरून उचलावी. अभिवादनापुरती उचलायची असेल तर अंगठा काठाखाली, दोन बोटं वर, एवढं पुरतं.

काढलेल्या हॅटची आतली बाजू आपल्या अंगाकडे ठेवायची. अस्तर आणि आतून कपाळाला टेकणारी चामड्याची पट्टी घामाने काळवंडलेली असते, ती लोकांना दाखवायची नसते. उभं असताना मांडीलगत, बसल्यावर मांडीवर. जेवणाच्या टेबलावर कधीच नाही. दुसरीकडे कुठे ठेवायची झाली तर उलटी, डोक्याचा भाग खाली करून ठेवा. काठावर टेकवली तर काठाचा बाक सपाट होतो आणि आतली पट्टी वर ढकलली जाते. खुंटी असेल तर ती जाड आणि गोल हवी. बारीक हुकाने फेल्टला टेंगूळ येतं. उन्हातल्या बंद गाडीत हॅट ठेवू नका. उष्णतेने चामड्याची पट्टी आकसते आणि हॅट घट्ट होते.

बाकीचं शिष्टाचाराचं काम निम्मं मापावर अवलंबून असतं. पट्टी आणि कपाळ यांमध्ये एक बोट सरकलं पाहिजे. त्याहून सैल असेल तर वाकताच हॅट पुढे घसरते. तेव्हा पट्टीच्या मागे फोमची चिंचोळी पट्टी सरकवावी. फार घट्ट हॅट काढली की कपाळावर लाल वळ दिसतो. बाहेरच्या रिबिनीची गाठ पुरुषांच्या हॅटला डावीकडे येते. आतल्या पट्टीवर छोटा बो असेल तर ती मागची बाजू. एवढं पाहिलं तर हॅट उलटी घातली जात नाही.

राष्ट्रगीताच्या वेळी हॅट काढायची. अमेरिकेच्या ध्वजसंहितेत तर पद्धतही दिली आहे: गणवेशात नसलेल्या पुरुषाने उजव्या हाताने टोपी काढून डाव्या खांद्याशी धरावी, म्हणजे हात हृदयावर येतो. गणवेशातले लोक टोपी न काढता सलाम करतात. चर्चमध्ये पुरुषांनी डोकं उघडं ठेवायचं, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, झाकायचं, गुरुद्वारात सगळ्यांनीच झाकायचं. पगडी किंवा किप्पा (ज्यूंची छोटी गोल टोपी) ही हॅट नव्हे. ती काढायला सांगणं हा उर्मटपणा आहे. आजारपणात केस गेलेल्या माणसालाही टोपीबद्दल हटकू नये. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने 1837 मध्ये सभागृहात हॅट घालायला बंदी केली होती. 2019 मध्ये त्यात धार्मिक शिरोवस्त्रांना मुभा मिळाली. ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये उलटं होतं. मतविभागणी सुरू असताना हरकतीचा मुद्दा मांडायचा तर सदस्याने हॅट घालायची, हा नियम 1998 पर्यंत टिकला.

या छोट्याशा कृतीला एके काळी केवढं वजन होतं ते लंडनच्या 1670 च्या एका खटल्यात दिसतं. विल्यम पेन आणि विल्यम मीड हे दोघे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते आणि कुणाही माणसापुढे हॅट काढायची नाही, अशी त्या पंथाची भूमिका होती. त्यांच्या हॅट आधीच उतरवल्या गेल्या होत्या. त्या कोर्टाच्याच हुकमाने परत डोक्यावर चढवल्या गेल्या आणि मग त्या काढल्या नाहीत म्हणून दोघांना दंड झाला.

पावसात भिजलेली हॅट घेऊन कुणाकडे गेलात तर ती दाराबाहेरच झटका. मग आतली पट्टी बाहेर काढून हॅट त्या पट्टीवर उभी ठेवा, म्हणजे काठ अधांतरी राहतो. यजमानांनी हीटरजवळ ठेवायला सुचवलं तरी नको म्हणा. गरम हवेत ओलं फेल्ट आकसतं.