२२ नंबरची ट्राम

प्रागमध्ये पीएच.डी. करत होतो तेव्हा आमच्या विभागाचं वार्षिक चर्चासत्र नोव्हेंबरात असायचं. दोन दिवस निबंधवाचन. त्यातलं आता फारसं आठवत नाही. आठवते ती तिसऱ्या दिवसाची बिला होराची फेरी. २२ नंबरच्या ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, पुढे धुक्यातून पायी. ८ नोव्हेंबर १६२० रोजी याच टेकाडावर कॅथलिक हाब्सबुर्ग सम्राटाच्या बाजूच्या फौजेने बोहेमियाच्या, म्हणजे चेक भूमीच्या, बंडखोर प्रोटेस्टंट सरदारांचा धुव्वा उडवला. लढाई दोनेक तासांत आटोपली. आमची फेरी तेवढ्यात कधीच आटोपली नाही.

कारण वाद. चेक मंडळी शाळेपासून ऐकत आलेली : १६२१ च्या जूनमध्ये जुन्या शहराच्या चौकात २७ जणांना देहदंड, मग प्रोटेस्टंटांपुढे धर्म सोडा नाहीतर देश, आणि पुढे नुसता काळोख. इंग्लंड-अमेरिकेतून आलेल्यांच्या लेखी हे युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धाचं (१६१८-४८) सुरुवातीचं प्रकरण. वर ते विचारायचे, काळोखच होता तर त्याच काळातली ही देखणी बरोक शैलीची चर्चं कुणी बांधली? झालं! ट्राम येऊन निघून जायची.

आमच्यात एक वयस्कर प्राध्यापक होते. १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा देशात शिरल्या, त्यानंतर नोकरी गेली, तेव्हा त्यांनी बॉयलरवर कोळसा ओढून दिवस काढले. त्या काळात चोरून पुस्तकं पोचवणारा त्यांचा इंग्रज मित्र आता सगळं ग्रंथालयात मिळत असूनही दरवर्षी झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन यायचा.

त्यांना मी एकदा पानिपत सांगितलं. मराठीत कशाचाही बोजवारा उडाला तरी ‘पानिपत झालं’ म्हणतात, हे ऐकून ते खूश झाले. मग १७६१ नंतर १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत होते, तेही सांगितलं. ते थबकले. ‘दहा वर्षांत? आम्हाला स्वतंत्र व्हायला १९१८ उजाडावं लागलं.’

स्वीडनच्या पाहुण्याची मात्र दरवर्षी एकाच प्रश्नाने खेचली जायची : ‘पुस्तक आणलंत का?’ त्याच युद्धाच्या अखेरीस, १६४८ मध्ये, स्वीडिश सैन्याने प्रागमधून जी लूट नेली, तिच्यात कोडेक्स गिगास हा ७५ किलोंचा ग्रंथही होता. तो आजही स्टॉकहोममध्ये आहे. २००७ च्या सप्टेंबरात तो खरोखरच प्रागला आला, काही महिने प्रदर्शनात राहिला आणि परत गेला.

२००८ च्या फेरीत ट्राममध्ये कुणीतरी सवयीने विचारलंच.

पाहुणा म्हणाला, ‘आणलं होतं की! तुम्हीच परत पाठवलंत.’