वास येणारं सगळं पेटीत

आमच्या घरी सामान बांधायचं म्हणजे आधी खाणं बांधायचं. सांगलीहून पुण्याला निघालो तरी आई पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंगाचा डबा आधी भरायची, कपडे नंतर. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टला येऊन सहा वर्षं झाली, तरी माझी सवय तीच. इथल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात पहिल्यांदा तंबूत राहायचं ठरलं तेव्हा मी यादी करायला बसले. पहिले बावीस पदार्थ खाण्याचे झाले आणि तंबू तेविसावा.

जागा मिळवणं हाच एक पराक्रम होता. खोऱ्यातल्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडचं बुकिंग पाच महिने आधी, महिन्याच्या 15 तारखेला सकाळी सात वाजता उघडतं. 15 जानेवारीला आम्ही दोघं दोन लॅपटॉप आणि दोन फोन घेऊन बसलो. तत्काळ तिकिटांवर आयुष्य काढलेलं असल्यामुळे बोटं तयार होती. जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या दोन रात्री मिळाल्या, रात्रीला 36 डॉलर. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे पैसे मोजून जमिनीवर झोपायचं?" हो, आणि तंबूही आपलाच न्यायचा.

कार कॅम्पिंगमध्ये गाडी तंबूच्या जवळच उभी राहते. राजगडावर जाताना सॅकमधून जास्तीचा टी-शर्टसुद्धा काढून टाकणारे आम्ही, इथे अख्खी डिकी रिकामी बघून हात सैल सुटले. कुकर घेतला. पोळपाट घेतलं. नवऱ्याने ऑफिसातल्या कुणाकडून आणलेली लाकडं भरली आणि परत उतरवली, कारण शेकोटीची लाकडं लांबून न्यायची नसतात. त्यातून किडे पसरतात आणि जंगलंच्या जंगलं वाळतात. जिथे जाळायची तिथेच विकत घ्यायची.

मग मी अस्वलांचे नियम वाचले आणि बावीस पदार्थांकडे पाहिलं.

योसेमिटीतली अस्वलं काळ्या अस्वलांच्या जातीची. अंगाने बरीचशी तपकिरीच असतात, पण नाव काळं. माणसात त्यांना रस नसतो, माणसाच्या डब्यात असतो. 1998 साली तिथे अस्वलांनी दीड हजारांवर वेळा धुडगूस घातला, त्यात पुष्कळ गाड्या फुटल्या. गाडीच्या दाराच्या वरच्या कडेत पंजा अडकवून अस्वल ते दार साल सोलावी तसं खाली वाकवतं. म्हणून आता प्रत्येक जागेवर एक पोलादी पेटी असते, आणि रात्री गाडीत किंवा तंबूत खाण्याचा कणही ठेवायचा नाही. नाहीतर मोठा दंड. शिवाय नुसतं खाणंच नाही, ज्याला ज्याला वास आहे ते सगळं पेटीत: टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, बाळाचे वाइप्स, कचऱ्याची पिशवी, रिकामा कूलरसुद्धा.

आता आपल्या घरात वास नसलेलं काय असतं? खोबरेल तेल, बाम, हिंग, मेतकूट, सासूबाईंनी बॅगेच्या कोपऱ्यात सारलेला उदबत्तीचा पुडा. लाटणं बिनवासाचं असेल म्हणून हुंगून पाहिलं, तर त्यालाही तुपाचा वास.

पेटी 45 इंच रुंद, 33 इंच खोल आणि 18 इंच उंच. मी हॉलमधल्या कार्पेटवर चिकटपट्टीने 45 बाय 33 चा चौकोन आखला आणि एकेक वस्तू त्यात मांडत गेले. कूलर ठेवल्यावर अर्धा चौकोन संपला. भडंगाचा पत्र्याचा डबा उभा बसेना, आडवा बसेना. शेवटी भडंग प्लॅस्टिकच्या पिशवीत गेला. पोळपाट राहिलं, दुसरं लोणचंही राहिलं. त्या दोन दिवसांत घरातला जो तो चौकोनाला वळसा घालून चालायचा, आणि चार वर्षांचा मुलगा त्यात जाऊन बसायचा.

गाडी झाडायचं काम निघण्याच्या आदल्या रात्री केलं. मुलाची कार सीट उचलली तर खाली बेदाणे, पॉपकॉर्न आणि पारले-जीचा भुगा. अस्वलाने तेवढ्यावर आठवडा काढला असता.

ओकडेलवरून 120 नंबरच्या रस्त्याने चार तासांत पोचलो. तंबूच्या खुंट्या ठोकायला हातोडी नव्हती. चहाचं आलं ठेचायला घेतलेला लोखंडी बत्ता कामी आला. कुकर नेल्याबद्दल नवऱ्याने सबंध रस्ताभर टोमणे मारले होते. पण खोरं चार हजार फुटांवर आहे, पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं, आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजत बसते. पहिल्या शिट्टीला शेजारच्या तंबूतले आजोबा बाहेर येऊन उभे राहिले. तिसरीला वाटी घेऊन आले.

चुकलो ते थंडीत. दिवसा अर्ध्या बाह्यांत फिरलो, त्यामुळे रात्रीचा अंदाजच आला नाही. हवा भरायची जाड गादी नेली होती, घरी पाहुण्यांना घालतो ती. तिच्यातली हवा रात्री जमिनीइतकीच गार होते आणि थंडी खालून पाठीत शिरते. पांघरुणं वाढवून उपयोग नाही, अंगाखाली काहीतरी हवं. पहाटे तीनला आजीची गोधडी पांघरायची सोडून खाली अंथरली, तेव्हा कुठे झोप लागली. नव्याने घेणार असाल तर फोमच्या चटया घ्या. आणि डोक्याला लावायची बॅटरी प्रत्येकाला एक. एकाच बॅटरीवर दोघांना वेगवेगळ्या दिशेला जायचं असतं.

रात्री दहानंतर तिथे शांतता पाळायची असते. साडेअकराला मुलाची टोपी काढायला मी गाडी उघडली, बंद केली, आणि सवयीने रिमोटचं बटण दोनदा दाबलं. हॉर्न सगळ्या खोऱ्यात घुमला असावा. दुसऱ्या दिवशी आजोबा फक्त हसले.

अस्वल काही दिसलं नाही. सकाळी पोहे वाढले, मी चहा ओतायला वळले, आणि काळ्या तुऱ्याचा एक निळा पक्षी टेबलावर उतरून ताटलीतला शेंगदाणा उचलून गेला. स्टेलर्स जे म्हणतात त्याला. लगेच दुसरा आला. पोह्यांना हात नाही, कोथिंबिरीला नाही, फक्त शेंगदाणे. त्यांना खायला घालणं गुन्हा आहे, म्हणून आम्ही तिघं ताटल्यांवर हात धरून पोहे खात होतो.

परत आल्यावर तंबू आतून ओला होता; झोपताना वरचं कापड गच्च बंद केल्याने आमच्याच श्वासाचं पाणी झालेलं. तसाच घडी करून ठेवला तर बुरशी धरते. आमच्या बाल्कनीत तो मावत नाही, म्हणून जेवणाच्या टेबलावरून सोफ्यापर्यंत पसरला आणि पंखा लावला. त्याच संध्याकाळी आईचा फोन. पडद्यावर तिने माझ्यामागचं हिरवं कापड बघितलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "अगं, अजून तिथेच आहात? किती दिवसांचे पैसे भरलेत?"